गणित की जीवशास्त्र? : मराठवाड्यातील एका फाट्याचा इतिहास

दहावीचा निकाल लागला की पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींसमोर एक अर्ज येतो. विज्ञान शाखा घेतली तर त्यात पुन्हा एक प्रश्न असतो : गणित की जीवशास्त्र? घरातले म्हणतात, "इंजिनिअर व्हायचे तर गणित, डॉक्टर व्हायचे तर बायॉलॉजी." शिक्षकही बहुधा हेच सांगतात. मूल एका चौकटीत खूण करते आणि पुढच्या आयुष्याचा निम्मा नकाशा तेथेच ठरून जातो. हा फाटा निसर्गनियमाइतका जुना असावा, अशा थाटात आपण त्याच्याकडे पाहतो. तो तसा नाही. तो कोणी, केव्हा आणि कशासाठी घातला हे शोधता येते, आणि त्यासाठी मराठवाड्याइतका सोयीचा प्रदेश नाही. मुंबई-पुण्याकडे विद्यापीठीय विज्ञानाच्या वाटा दीडशे वर्षांत हळूहळू तयार झाल्या. मराठवाड्यात मात्र त्यातल्या बहुतेक सगळ्या एका माणसाच्या आयुष्याच्या अवधीत आखल्या गेल्या, मोडल्या आणि पुन्हा आखल्या गेल्या.

(छत्रपती संभाजीनगर हे शहराचे नाव अधिकृतपणे २०२३ मध्ये आले. जुन्या घटना सांगताना मी त्या काळचे औरंगाबाद हेच नाव वापरले आहे.)

सुरुवात हैदराबादपासून करावी लागते, कारण तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे वैशिष्ट्य असे की, तेथे पदवीपर्यंतचे सारे शिक्षण उर्दूतून द्यायचे ठरले होते. भारतातील इतर विद्यापीठे इंग्रजीतून शिकवत असताना हा प्रयोग धाडसाचाच म्हणायचा. त्यासाठी आधी, १९१७ मध्ये, दारुल-तर्जुमा हा अनुवाद विभाग उभारला गेला. भौतिकी, रसायन, गणित, वैद्यक यांची पुस्तके तेथे उर्दूत आणली गेली, पारिभाषिक शब्द घडवले गेले. गणित म्हणजे 'रियाझी', रसायन म्हणजे 'कीमिया', कलनशास्त्र म्हणजे 'इहसा'. यातले काही शब्द आजही मराठवाड्यातील उर्दू माध्यमाच्या शाळांत रोज उच्चारले जातात.

१९२३ साली या व्यवस्थेची एक शाखा औरंगाबादेत आली. ते इंटरमिजिएट कॉलेज, म्हणजेच आजचे शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय. मौलवी अब्दुल हक त्याचे काही वर्षे प्राचार्य होते. उर्दू कोशकार्यातले हे फार मोठे नाव. त्यांचा प्रसिद्ध इंग्रजी-उर्दू कोश १९३७ मध्ये औरंगाबादेतच छापला गेला. इंटरमिजिएट या शब्दाकडे मात्र लक्ष द्यायला हवे. इंटर म्हणजे मॅट्रिकनंतरची दोन वर्षे. त्यापुढच्या पदवीसाठी मुलाला मीटरगेज गाडीने पाचशेच्या आसपास किलोमीटर दूर असलेल्या हैदराबादला जावे लागे. अभियांत्रिकीही तेथेच (उस्मानियाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९२९ चे), वैद्यकही तेथेच. परभणीच्या किंवा बीडच्या शेतकऱ्याच्या मुलाचा विचार करा. घरी मराठी, शाळेत उर्दू, त्यापुढे परगावचे वसतिगृह. विज्ञानाची वाट होती, पण तिच्या तोंडाशी भाषेचे एक दार होते आणि मध्यावर खर्चाचे दुसरे.

उर्दूतून शिकल्याने विज्ञान कच्चे राहत असे, असे मात्र समजू नये. रझिउद्दीन सिद्दिकी उस्मानियात शिकले, केंब्रिजला गेले आणि मग जर्मनीत लाइपझिगला हायझेनबर्ग यांच्याकडे त्यांनी डॉक्टरेट केली. परत येऊन त्यांनी उस्मानियातच गणित शिकवले. भारतीय भाषेतून कलनशास्त्र शिकलेला मुलगा पुंजयांत्रिकीच्या दारात जाऊन पोचतो, हे त्यांनी दाखवून दिले. मराठीतून विज्ञान शिकवण्याविषयी आपल्याकडे जे वाद होतात, त्यांत हे उदाहरण अभावानेच येते. अर्थात दुसरी बाजूही आहे. मराठवाड्यातल्या बहुसंख्य मुलांची उर्दू ही मातृभाषा नव्हती. परकी इंग्रजी टाळण्यासाठी निवडलेली भाषा त्यांच्या दृष्टीने परकीच होती.

ही व्यवस्था १९३८ मध्ये हादरली. त्या वर्षी नोव्हेंबरात औरंगाबादच्या याच कॉलेजच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला. त्याला बंदी झाली आणि आंदोलन हैदराबादपर्यंत पसरले. शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. राजकीय इतिहासात ही कथा नेहमी सांगितली जाते. तिची शैक्षणिक बाजू अशी की, त्यांच्यापैकी जे विज्ञानाचे होते त्यांना 'रियाझी' आणि 'कीमिया' सोडून तेच विषय इंग्रजी संज्ञांनी पुन्हा गिरवावे लागले.

याच सुमारास औरंगाबादेत एक तरुण शिक्षक होते, गोविंदभाई श्रॉफ. त्यांनी कलकत्ता विद्यापीठातून गणितात एम.एस्सी. केले होते. गणिताच्या एम.एस्सी.ला त्या काळी निजामाच्या राज्यात चांगली सरकारी नोकरी मिळणे अवघड नव्हते. गोविंदभाईंनी नोकरी सोडली आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामात उडी घेतली. पुढे सरस्वती भुवन शिक्षणसंस्थेची धुरा आणि मराठवाड्याच्या विकासाची चळवळ या दोन्ही गोष्टी त्यांनी अनेक दशके सांभाळल्या. सिंचनाचा आणि नोकऱ्यांचा अनुशेष आकड्यांनी मांडण्याची सवय या माणसाला कोठून लागली असेल, हे गणिताच्या शिक्षकांना सांगायला नको.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि थोड्याच काळात उस्मानियाचे माध्यम उर्दूऐवजी इंग्रजी झाले. एका पिढीने कष्टाने बांधलेली भाषेची वाट बंद झाली. नवी बांधायला माणसे पुढे आली. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने १९५० मध्ये पीपल्स कॉलेज निघाले. त्याच वर्षी जूनमध्ये औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. येथे थोडे थांबायला हवे, कारण 'कोणते शिक्षण कशासाठी' हा प्रश्न मराठवाड्यात सर्वांत स्पष्टपणे मांडला गेला तो या निमित्ताने.

बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्राचे आणि कायद्याचे पंडित. पण १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना त्यांनी सरकारला एक निवेदन दिले. त्यातला युक्तिवाद आजही वाचण्याजोगा आहे. कला आणि कायदा यांच्या पदव्यांनी अस्पृश्य समाजाला फारसे काही मिळणार नाही, उच्च दर्जाचे विज्ञान आणि तंत्रशिक्षणच त्याला वर काढील, असे त्यांचे म्हणणे होते. पण हे शिक्षण महाग आहे. प्रयोगशाळेची फी, उपकरणे, दिवसभराची प्रात्यक्षिके. कला शाखेचा विद्यार्थी सकाळी कॉलेज करून दुपारी कोठेतरी काम करू शकतो. दुपारी प्रयोगशाळेत उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला ते जमत नाही. म्हणून या शिक्षणासाठी शासनाने खास शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी त्यांची मागणी होती. १९४४ मध्ये केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजना सुरू केली.

औरंगाबादच्या महाविद्यालयात कलेबरोबर विज्ञानही ठेवले गेले, ते या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. नव्या संस्थेला कला शाखा काढणे सर्वांत सोपे असते : चार खोल्या, फळे आणि प्राध्यापक. विज्ञान म्हणजे गॅस, पाणी, सूक्ष्मदर्शक, तराजू आणि कायमचा खर्च. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले. मिलिंद हा प्रश्न विचारणारा ग्रीक राजा आणि नागसेन हा उत्तरे देणारा भिक्खू. महाविद्यालयाला उत्तरे देणाऱ्याचे नव्हे, प्रश्न विचारणाऱ्याचे नाव दिले गेले, हे विज्ञानाच्या शिक्षकाला विशेष आवडावे. पुढे विज्ञानाचे महाविद्यालय स्वतंत्र झाले. ज्या घरांत पूर्वी कोणी शाळा पाहिली नव्हती, त्या घरांतली मुले येथे प्रथमच परीक्षानळी हातात धरू लागली.

यानंतरची काही वर्षे भराभर जातात. १९५६ मध्ये औरंगाबादेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि परभणीत कृषी महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. न्यायमूर्ती पळणिटकर समितीच्या शिफारशीनंतर २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्‌घाटन झाले. मुंबई विद्यापीठाच्या कुलसचिवपदाचा दीर्घ अनुभव असलेले एस. आर. डोंगरकेरी पहिले कुलगुरू झाले. (१९९४ मध्ये विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले.) १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. हैदराबादची गाडी पकडण्याची गरज संपली.

आणि येथेच फाटा पक्का झाला. मुंबई-पुण्याकडे इंटर सायन्सचे 'ए' आणि 'बी' असे दोन गट आधीपासून रूढ होते. 'ए'मध्ये गणित, 'बी'मध्ये जीवशास्त्र. भौतिकी आणि रसायन दोन्हींकडे समान. ही विभागणी विज्ञानातून आलेली नव्हती. अभियांत्रिकी महाविद्यालयाला प्रवेशासाठी गणित हवे होते, वैद्यकीय महाविद्यालयाला वनस्पती आणि प्राणी यांचे ज्ञान हवे होते, आणि वेळापत्रकात दोन्हींना जागा करणे अवघड होते. दोन व्यवसायांच्या फाटकांवरची ही सोय. एखाद्या गावात दोन्ही फाटके उभी राहिली की त्यांच्यापर्यंतच्या दोन वाटा आपोआप मळतात. ज्याला दोन्हींपैकी एकाही फाटकातून आत जाता आले नाही तो 'प्लेन' बी.एस्सी.ला जातो, असे लोक म्हणू लागले. विद्यापीठाची मूळ विज्ञान पदवी अशी उरल्यासुरल्यांची वाट ठरली. मला वाटते, मराठवाड्यातील विज्ञानशिक्षणाचे सर्वांत मोठे नुकसान या एका शब्दाने केले आहे.

कारण त्याच काळात, त्याच शहरात, त्या 'प्लेन' विषयात काय चालले होते? १९६०च्या दशकाच्या मध्यात मराठवाडा विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख होते व्ही. लक्ष्मीकांतम्. उस्मानियातून १९५७ मध्ये डॉक्टरेट केलेले हे गणिती. नंतर ते अमेरिकेत गेले. तेथे सहलेखिका एस. लीला यांच्यासह लिहिलेला त्यांचा अवकल आणि समाकल असमतांवरचा द्विखंडी ग्रंथ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो या विषयाचा आधारग्रंथ मानला जातो. १९७६ मध्ये त्यांनी अरैखिक विश्लेषणाला वाहिलेले एक आंतरराष्ट्रीय नियतकालिक सुरू केले. ते गेल्यावरही औरंगाबादेत हा विषय थांबला नाही. बी. जी. पाचपट्टे यांनी तेथेच राहून तो पुढे नेला. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची एक असमता आज गणिताच्या साहित्यात त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९९८ साली त्यांचा या विषयावरील जाडजूड ग्रंथ परदेशातील नामवंत प्रकाशनाने काढला.

असमता म्हणजे काय, आणि तिच्यावर आयुष्य खर्च करावे असे तीत काय आहे? समजा, एका माणसावर कर्ज आहे. व्याजाचा दर क्षणोक्षणी बदलतो आणि आपल्याला तो माहीत नाही. एवढेच ठाऊक आहे की कर्ज वाढण्याचा वेग कोणत्याही क्षणी कर्जाच्या एका ठरावीक पटीपलीकडे जात नाही. मग दहा वर्षांनी कर्ज किती होईल हे सांगता येणार नाही. पण किती होणार नाही हे ठामपणे सांगता येते : त्या पटीने सतत चक्रवाढ केली तर जेवढे होईल, त्याहून अधिक कधीच नाही. ही ग्रॉनवॉल यांनी १९१९ मध्ये मांडलेली आणि बेलमन यांनी १९४३ मध्ये आणखी उपयुक्त केलेली असमता. पाचपट्टे यांनी विचार केला तो यापुढचा. वाढीचा वेग केवळ आजच्या कर्जावर नव्हे, तर आजवरच्या सगळ्या कर्जाच्या साठलेल्या इतिहासावरही अवलंबून असेल तर? तेव्हाही मर्यादा सांगता येते.

आता 'कर्ज' या शब्दाच्या जागी दुसरे काही घाला. पुलाची कंपने, रक्तातले औषधाचे प्रमाण, तळ्यातील माशांची संख्या, संगणकाच्या आकडेमोडीत साचत जाणारी चूक. जेथे समीकरण नेमके सोडवता येत नाही (आणि प्रत्यक्षात बहुतेक समीकरणे सोडवता येत नाहीतच), तेथे उत्तर हाताबाहेर जाणार नाही एवढी खात्री ही असमता देते. अभियंत्याला ती लागते, औषधशास्त्रज्ञाला लागते, हवामानवाल्यालाही लागते. 'ए' गटाचे गणित 'बी' गटाच्या दारात उभे असते.

उलट दिशेचे उदाहरण तर महाराष्ट्राच्या भूमीतलेच आहे. साथ कशी पसरते आणि कशी ओसरते हे सांगणारे गणिती प्रारूप १९२७ मध्ये केर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी मांडले. करोनाच्या काळात वर्तमानपत्रांतून ज्या आलेखांची चर्चा झाली, त्यांचे मूळ या प्रारूपात आहे. मॅकेंड्रिक हे डॉक्टर. भारतात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये त्यांनी अनेक वर्षे काढली होती. केर्मॅक हे रसायनशास्त्रज्ञ. प्रयोगशाळेतील अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. आपले समीकरण प्रत्यक्षाशी ताडून पाहण्यासाठी त्यांनी आकडे घेतले ते मुंबईच्या प्लेगचे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील साप्ताहिक मृत्यूंचे. एक डॉक्टर, एक रसायनशास्त्रज्ञ आणि मध्ये अवकल समीकरण. आपल्या प्रवेश अर्जात या दोघांना कोणत्या चौकटीत बसवावे?

पां. वा. सुखात्मे यांनाही कोणत्याच चौकटीत बसवता येत नाही. सातारा जिल्ह्यातील बुध गावचा हा मुलगा पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकला, लंडनला जाऊन त्याने संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि आयुष्यभर काम केले ते पिकांचे आणि माणसांच्या पोषणाचे. १९५१ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. व्ही. जी. पानसे यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेले शेतीसंशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ मध्ये निघाले. कृषी विद्यापीठांत पिढ्यान् पिढ्या ते वापरले गेले. वाफ्यातल्या ज्वारीचे उत्पन्न खताने वाढले की नशिबाने, हा प्रश्न शेतीचा आहे आणि उत्तर गणिताचे.

इकडे वाट मात्र अरुंदच होत गेली. १९७५ मध्ये दहावीची आणि १९७७ मध्ये बारावीची पहिली परीक्षा झाली. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला आणि इंटरची दोन वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात गेली. गट मात्र तसेच राहिले. १९८३ मध्ये राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि औरंगाबादेत इंजिनिअर या शब्दाला रोजच्या जगण्यातला अर्थ आला. शेजारच्या लातूरने बारावीच्या तयारीची अशी घडी बसवली की 'लातूर पॅटर्न' हा शब्द राज्यभर झाला. लहान गावांतील हजारो मुले त्यामुळे डॉक्टर-इंजिनिअर झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण सारे यश दोनच फाटकांवर मोजले जाऊ लागले, हेही तितकेच खरे.

आज शिक्षकांच्या हाती सांगण्यासारखे काय आहे? पहिली गोष्ट, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेता येतात. मंडळाने त्याला कधी मनाई केलेली नाही. अडचण असते ती मुलाच्या वेळेची आणि महाविद्यालयाच्या वेळापत्रकाची. दुसरी, काही दारे गणिताशिवाय उघडत नाहीत. भारतीय सांख्यिकी संस्थेचा संख्याशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची वायुदल आणि नौदल शाखा ही त्यांतली काही. औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी यांची पदवी मात्र दोन्हींपैकी कोणत्याही गटातून घेता येते. पुण्याच्या आयसरसारख्या संस्थेत, जी २००६ मध्ये सुरू झाली, पदवीच्या सुरुवातीला भौतिकी, रसायन, गणित आणि जीवशास्त्र हे चारही विषय शिकावे लागतात. जीवशास्त्र नको म्हणून तेथे गेलेली मुले पेशीचे चित्र काढताना दिसतात आणि गणिताला घाबरलेली मुले अवकल समीकरण सोडवताना.

फाटा थोडा सैलही झाला आहे. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने काही अभियांत्रिकी शाखांसाठी बारावीच्या गणिताची अट शिथिल केली, त्यावर बराच वाद झाला, आणि नंतर ही सवलत मोजक्या शाखांपुरती ठेवली गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने दुसऱ्या बाजूचे दार किलकिले केले : बारावीनंतर जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसू देण्याचे ठरले. आणि ज्या 'प्लेन' बी.एस्सी.ला आपण उरल्यासुरल्यांची वाट म्हणत आलो, तिच्यातून एक जोडरस्ता आहे. पुष्कळ शाळांत तो ठाऊक नसतो. बारावीला गणित असलेल्या आणि ठरावीक गुणांनी उत्तीर्ण झालेल्या बी.एस्सी. पदवीधराला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशासाठी अर्ज करता येतो.